काकांची सीडी १०० बरीच वर्षं बंद आहे, चालू करायची आहे, सुरुवात कुठून करू?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. गाडी माझ्या काकांची आहे, हिरो होंडा सीडी १००, १९९६ चं मॉडेल, एमएच-०४ पासिंग. काका कळव्याला राहायचे आणि विटावा-दिघा करत रोज रबाळे एमआयडीसीत याच गाडीने ड्युटीला जायचे, पाऊस असो काही असो. काका आता नाहीत. गाडी तेव्हापासून बिल्डिंगखाली कव्हर टाकून उभी होती, आता सोसायटीवाले जागा मोकळी करा म्हणून मागे लागले तेव्हा काकू म्हणाली की भंगारवाल्याला द्यायच्या आधी तुला हवी असेल तर घेऊन जा, म्हणून टेम्पोत घालून ऐरोलीला आणली.

आता परिस्थिती सांगतो. किक खालीच जात नाही, थोडी हलते आणि अडकते. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, जुन्या ऑइल पेंटसारखा वास येतो आणि टॉर्च मारल्यावर आत सगळं तपकिरी दिसतं. दोन्ही टायर बसलेत, कडेला चिरा पडल्यात. सीटखाली उंदराने घर केलं होतं, चिंध्या, कागद, वायरींचे तुकडे सगळं निघालं. बाकी गाडी पूर्ण आहे, चेनकव्हर, साइड पॅनल, मागचं कॅरियर, काकांनी लावलेला क्रॅशगार्डसुद्धा जागेवर आहे आणि ओडोमीटरही शाबूत आहे.

मला यातलं फारसं काही येत नाही. सायकल खोलून जोडलीय, गाडीचा प्लग साफ केलाय, बस. पाने-पकडीचा एक सेट आहे. जवळच्या गॅरेजमध्ये विचारलं तर ते म्हणाले यात काही राम नाही, दुसरं इंजिन टाका नाहीतर विकून टाका. मला दुसरं इंजिन टाकायचं नाहीये, हेच चालू करायचंय आणि जमेल तेवढं स्वतःच्या हाताने करायचंय. बजेट साधारण वीस-पंचवीस हजार, तेही एकदम नाही, महिन्याला थोडं थोडं. पहिला पाना कुठे लावू ते सांगा. रंग आधी की इंजिन आधी? आणि किकवर जोर लावून बघू का?

कोपरी_जुनंलोखंड

ऐरोलीकर, सगळ्यात आधी, किकवर जोर लावू नका. अजिबात नाही. उभं राहून उडी मारून किक मारली की किकचा शाफ्ट नाहीतर आतले दाते जातात, पिस्टनवरची रिंग सिलेंडरला चिकटलेली असेल तर ती तुटते, आणि मग जे इंजिन तेल टाकून सुटलं असतं ते खरंच उघडावं लागतं. एवढी वर्षं थांबलीय, अजून काही दिवस थांबेल.

जाम म्हणजे बहुतेक वेळा एवढंच होतं की शेवटी इंजिन बंद झालं तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यातून आपल्याकडची खाडीची दमट हवा आत गेली आणि सिलेंडरला गंज धरून रिंगा चिकटल्या. ठाणे-नवी मुंबईत उभ्या राहिलेल्या गाडीला हे होतंच. प्लग काढा. प्लगच्या भोवती माती बसलेली असेल ती आधी ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर ती सगळी आत पडणार. मग डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून सिरिंजला पातळ नळी लावून प्लगच्या भोकातून आत सोडा, पन्नास मिली पुष्कळ झालं.

आता इथे सीडी १०० ची एक खास गोष्ट आहे जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. या इंजिनाचा सिलेंडर जवळजवळ आडवा आहे, हेड पुढच्या चाकाकडे तोंड करून. त्यामुळे गाडी सरळ स्टँडवर असेल तर तुम्ही टाकलेलं तेल सिलेंडरच्या खालच्या बाजूला साचून राहतं, पिस्टनच्या वरच्या अर्ध्या भागाला लागतच नाही, आणि लोक म्हणतात तेल टाकून पण सुटलं नाही. पुढचं चाक उचलून एखाद्या भक्कम पायरीवर नाहीतर ठोकळ्यांवर ठेवा, जेवढं वर जाईल तेवढं बरं, म्हणजे हेड वर होईल आणि तेल उतरून पिस्टनच्या पूर्ण गोलाईला लागेल. गाडी दोरीने नीट बांधा, पडली तर पाय जाईल. असंच दोन-तीन रात्री राहू द्या, रोज थोडं थोडं तेल घालत रहा.

मग गाडी खाली घ्या, मागचं चाक हाताने फिरवत फिरवत टॉप गियर टाका (इंजिन फिरत नसताना गियर सहज पडत नाही, चाक मागेपुढे करत गियरचा पाय दाबायचा) आणि चाक धरून मागे-पुढे, मागे-पुढे झुलवा. झटका नको. टॉपमध्ये चाकाचा जोर इंजिनापर्यंत सगळ्यात चांगला पोचतो. सुरुवातीला काहीच वाटणार नाही, मग अगदी केसभर हललं असं वाटेल, तिथे थांबा, परत तेल टाका, दुसऱ्या दिवशी परत. मॅग्नेटोचं (इंजिनाबरोबर फिरून करंट तयार करणारं चाक) कव्हर काढून मधल्या नटावर सॉकेट लावूनही करतात, पण मग घड्याळाच्या दिशेनेच, उलटं फिरवलं तर इंजिन राहील जागेवर आणि नटच सुटून येईल.

सुटलं की लगेच प्लग लावू नका. प्लगच्या भोकावर फडकं धरून हळूहळू किक मारा, आत उरलेलं तेल पिचकारीसारखं बाहेर येतं, तोंड लांब ठेवा. आणि रंगाचं आत्ता डोक्यातून काढून टाका. चालणारी गंजलेली गाडी रंगवता येते, रंगवलेली बंद गाडी तशीच कोपऱ्यात पडते, माझ्या ओळखीत अशा बऱ्याच आहेत.

घोडबंदर_रायडर

भावा मी तर म्हणेन पूर्ण खोल, इंजिन खाली उतरव, सगळं नवीन टाक, पावडर कोटिंग मार, एलईडी हेडलाइट, पुढे डिस्क. एकदाच करायचं तर पूर्ण करायचं. अर्धवट काम केलं की परत परत खोलावं लागतं आणि खर्च दुप्पट होतो.

कोपरी_जुनंलोखंड

घोडबंदर, ज्याने दहा इंजिनं उघडलीत त्याला हे ठीक आहे. हे पहिल्यांदा करतायत. पहिल्याच गाडीचे सगळे पार्ट एकदम सुटे केले तर चार महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला ते कळत नाही आणि मग गाडी गोणीत भरून विकायला निघते. कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) चांगलं असेल तर इंजिनाला हात लावायचं काहीच कारण नाही. आणि ही गाडी त्यांच्या काकांची आहे, ती काकांच्याच गाडीसारखी दिसायला हवी ना, एलईडी आणि डिस्क लावून काय राहिलं मग त्यात.

वाशी_आरसीबुक

दादा, इंजिनाचं सांगणारे इथे पुष्कळ आहेत, मी कागदांचं सांगते. माझ्या वडिलांच्या गाडीचं हे सगळं मी केलंय म्हणून कळकळीने सांगते, पार्टवर पहिला रुपया खर्च करायच्या आधी आरसी बघा.

आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, फॉर्म २५ भरून आणि गाडी आरटीओत दाखवून. म्हणजे तुमची १९९६ ची गाडी २०११ ला पहिल्यांदा रिन्यू व्हायला हवी होती. काकांनी केलं होतं का, कुठपर्यंत केलं होतं, ते आधी परिवहनच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. मुदत संपून गेली असेल तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये लेट फी लागते, वर्षं मोजा म्हणजे आकडा कुठे जातो ते कळेल. २० वर्षांच्या वरच्या मोटरसायकलची रिन्यूअल फी २०२५ मध्ये वाढवून २,००० केलीय, शिवाय पर्यावरण कर वेगळा. हे सगळं तुमच्या बजेटमध्ये धरा, नाहीतर गाडी चालू होईल आणि पैसे संपलेले असतील.

पोर्टलवर नंबरच सापडला नाही तर घाबरू नका. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांचं रेकॉर्ड रजिस्टरमध्ये आहे, कॉम्प्युटरवर चढलेलं नाही. ओरिजिनल आरसी बुक घेऊन ठाणे आरटीओत बॅकलॉग एन्ट्रीसाठी अर्ज करावा लागतो. म्हणून काकूंना सांगून कपाटं, पेट्या, जुन्या विम्याच्या फायली सगळं शोधायला लावा, जुनं स्मार्ट कार्ड नसेल, छोटं पुस्तक असेल त्या वेळचं.

दुसरं, गाडी काकांच्या नावावर आहे आणि ते गेलेत, म्हणजे ती थेट तुमच्या नावावर होणार नाही. वारस काकू. आधी फॉर्म ३१ भरून त्यांच्या नावावर, सोबत मृत्यू दाखला, वारसाचे कागद आणि मुलं असतील तर त्यांची ना-हरकत. मग त्यांच्याकडून तुमच्याकडे फॉर्म २९ आणि ३०. हे काकूंच्या सह्यांचं काम आहे, तर त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, त्यांना आरटीओच्या चकरा किती झेपतील तेही बघा.

आणि कोणी सांगेल की विंटेजमध्ये टाका, तर ते होणार नाही. २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची गाडी. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदी आहे ती पण आपल्याला लागू नाही, तेव्हा त्या बातम्या वाचून कोणाला गाडी विकू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट मात्र लावावी लागेल.

वागळे_लेथ

ताईंनी कागदांचं सांगितलं त्यालाच जोडून, चेसिस नंबर जपा. माझं वागळे इस्टेटला मशीनिंगचं काम आहे, जुन्या गाड्यांचे पार्ट येतात. हँडलच्या खाली फ्रेमच्या डोक्यावर नंबर पंच केलेला असतो, लोक फ्रेम सँडब्लास्टिंगला टाकतात, पोरगं जोरात मारतं, वरून पावडर कोटिंगचा जाड थर बसतो आणि नंबर वाचता येत नाही. आरटीओत पेन्सिलने घासून त्याचा ठसा घेतात, तो उठलाच नाही तर तुमची गाडी तुमची आहे हे कसं सिद्ध करणार? रंगाच्या वेळी त्या जागेवर टेप मारून द्या, आणि स्वतः उभं राहून सांगा. गंज असेल तर तिथे फक्त रॉकेलचं फडकं आणि नरम ब्रश, ग्राइंडर नको, पॉलिश पेपर पण नको. इंजिन नंबरचंही तेच.

टाकीबद्दल. तुम्ही सांगताय तो वास म्हणजे पेट्रोल सुकून त्याची राळ झालीय. ते पेट्रोल काढा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढून टाका, तो बहुतेक आतून चोंदलेला असेल. गंज थोडा असेल तर किराणा दुकानात सायट्रिक अ‍ॅसिड मिळतं, लोक लिंबूफूल म्हणतात, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, कॉकचं भोक बुचाने बंद करून, एक-दोन दिवस ठेवा. काठोकाठ भरणं महत्त्वाचं आहे, अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवीन गंज धरतो. नंतर ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच सुकवा, हेअर ड्रायर चालतो, आणि लगेच आत थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल फिरवून सगळीकडे लावा. धुऊन तशीच रात्रभर ठेवली तर सकाळी आतून परत केशरी झालेली असते, हवाच तशी आहे आपली.

गंज जाड पापुद्र्याचा असेल तर इलेक्ट्रोलिसिस करा, धुण्याचा सोडा टाकलेलं पाणी, बॅटरी चार्जर, निगेटिव्ह टाकीला आणि पॉझिटिव्ह मधल्या सळईला, सळई टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही. सळई साध्या लोखंडाची घ्या, स्टेनलेसची घेऊ नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. यात हायड्रोजन निघतो, तेव्हा गॅलरीत बंद खिडकीत करू नका, खाली मोकळ्यावर करा. आणि गंज निघाल्यावर तळाला पिनहोल दिसले तर वेल्डिंगवाल्याकडे टाकी घेऊन धावू नका. पेट्रोलची टाकी कितीही धुतली तरी जोडात वाफ राहते आणि ज्वाळा लागली की फुटते, हे काम ज्याला रोजची सवय आहे त्याच्याकडेच द्या.

इंजिन पुढेमागे उघडावं लागलंच तर एक सांगून ठेवतो. या इंजिनाचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५, ९७.२ सीसी. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने येतात, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. आधी पिस्टन हातात घ्या आणि मग लेथवाल्याकडे या, पिस्टन मोजून त्याला बोअर बसवायचा असतो. बोअर आधी करून मग त्या मापाचा पिस्टन शोधत कुर्ला आणि ऑपेरा हाऊस पालथं घालणारे खूप बघितलेत. बरेचसे पार्ट स्प्लेंडरशी जुळतात, इंजिनाचं घराणं एकच, पण जुना पार्ट बरोबर नेल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका, आणि नवीन बसून गाडी चालल्याशिवाय जुना फेकू नका.

ऐरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

काकूला आरसी बुक सापडलं, काकांच्या जुन्या पगाराच्या स्लिपांच्या फाइलमध्ये होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. रिन्यूअलचा एक शिक्का आहे, २०१६ पर्यंतचा. पोर्टलवर नंबर दिसतोय. चुलतभाऊ ना-हरकत द्यायला तयार आहे. लेट फीचा हिशोब केला, आकडा मोठा आहे, पण करायचंच ठरवलंय, रंग पुढच्या वर्षी गेला तरी चालेल.

इंजिन सुटलं! पुढचं चाक उचलून तेल ठेवलं, आधी काहीच हलेना, मग एका संध्याकाळी चाक झुलवताना आतून बारीकसा कट असा आवाज आला आणि थोडं फिरलं, मी लगेच थांबलो, परत तेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण चक्कर फिरलं. फडकं धरून किक मारली, काळं-तपकिरी तेल निघालं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर किकच्या वेळी अंगठा ढकलला जातो, चांगला जोर आहे.

पण आता प्लगला करंट नाही. नवीन प्लग आणला, हेडला टेकवून अंधारात किक मारली, काहीच नाही. बॅटरी तर पूर्ण मेलीय, बॅटरी नसल्यामुळे असेल का? उंदराने खाल्लेल्या वायरी मी टेपने जोडल्यात, पण हेडलाइटच्या मागे एवढ्या वायरी आहेत की कुठली कुठली काही कळत नाही.

कोपरी_जुनंलोखंड

वा, अंगठा ढकलतंय म्हणजे अर्धी लढाई जिंकली. इंजिन उघडू नका आता.

बॅटरीचा संबंध नाही. या गाडीत सीडीआयला (प्लगला ठिणगी पाठवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) करंट मॅग्नेटोतल्या वेगळ्या कॉइलमधून मिळतो, बॅटरी फक्त हॉर्न आणि इंडिकेटरसाठी. बॅटरी काढून टाकली तरी गाडी चालू होते, व्हायला पाहिजे.

होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर म्हणजे अर्थिंग आणि काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर म्हणजे इंजिन बंद करायची. चावी बंद केली की ती काळी-पांढरी वायर हिरवीला जोडली जाते, सीडीआयचा करंट जमिनीत जातो आणि गाडी बंद पडते. आता विचार करा, उंदराने कुरतडून या दोन वायरींचं तांबं उघडं पडून एकमेकांना किंवा फ्रेमला लागलं असेल तर गाडीला वाटतंय की चावी कायम बंदच आहे. लॉकच्या आत गंज असेल तरी तेच. तेव्हा सीडीआयचा सॉकेट शोधा, त्यातून फक्त काळी-पांढरी वायर सुटी करा, तिचं टोक टेपने गुंडाळून ठेवा आणि किक मारा. करंट आला तर बिघाड लॉक किंवा वायरिंगमध्ये आहे, सीडीआय, कॉइल सगळं चांगलं आहे. नाही आला तर पुढचं बघू: प्लगकॅप फिरवून काढा आणि वायरच्या नुसत्या टोकाने बघा, कॅप आतून जळालेली असते पुष्कळदा. मग इग्निशन कॉइल जिथे फ्रेमला बोल्ट केलीय तिथला गंज घासा, अर्थिंग तिथूनच मिळतं. या सगळ्यानंतरच मॅग्नेटोकडे वळा.

करंटचा रंग पण बघा. निळा, कडक, टक् टक् आवाज करणारा हवा. पिवळट-लाल मऊ असेल तर दाबाखाली पेट घेणार नाही.

टेपचे जोड कायमचे ठेवू नका. पावसात पाणी शिरतं. प्रत्येक जोड सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा, तेवढं शिकायला एक दुपार लागते आणि आयुष्यभर कामाला येतं. आणि काहीही सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो, बोल्ट काढला की झिपच्या पिशवीत आणि पिशवीवर मार्करने नाव.

वागळे_लेथ

अजून एक, कार्ब्युरेटर उघडायला जाल तेव्हा खालच्या वाटीचे स्क्रू साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने काढू नका. ते जपानी मापाचे आहेत, दिसायला सारखेच पण खाच वेगळी, आपला स्टार त्यात उचलला जातो आणि डोकं गोल होतं. जेआयएस स्क्रूड्रायव्हर मागवा. इंजिन कव्हरचे स्क्रू बसलेले असतील तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोनशे ग्रॅमच्या हातोडीने नाही, चांगल्या वजनाच्या.

पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणारी छोटी पितळी नळी) भोक एवढं बारीक असतं की प्रकाशाला धरलं तर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसायला पाहिजे. दिसत नसेल तर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि वायरीतली एकच तांब्याची तार घेऊन हळूच घाला. पिन, सुई, ड्रिल काही नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर आयडलिंग कधीच बसणार नाही. बाजूचा पायलट स्क्रू काढायच्या आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा, हलक्या हाताने, आणि लावताना तेवढेच बाहेर.

ऐरोलीकर

करंट आला! काळी-पांढरी वायर सुटी केल्याबरोबर, निळा, टक् टक् ऐकू येतोय. मग शोधत शोधत गेलो तर टाकीच्या खाली फ्रेमच्या पाठीवरून वायरी जातात तिथे उंदराने दोन इंच कव्हर खाल्लं होतं आणि तांबं फ्रेमला लागून हिरवं पडलं होतं. मी फक्त सीटखाली बघत होतो. आता सोल्डर करतोय. कार्ब्युरेटर पण साफ झाला, पायलट जेट पूर्ण बंद होता, तारेने उघडला.

आता एकदम टाकी लावून किक मारू की अजून काही राहिलंय? टाकी अजून सायट्रिकमध्ये आहे.

कोपरी_जुनंलोखंड

टाकीची वाट बघू नका, पण त्याआधी तेल. इंजिनातलं जुनं तेल गरम न करताच काढा, वेळ लागेल, पूर्ण गळू द्या. दूध घातलेल्या चहासारखा रंग असेल तर पाणी गेलंय. नवीन घालताना फोर-स्ट्रोक मोटरसायकलचंच घ्या, डब्यावर जासो एमए लिहिलेलं, कारचं नको, या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलाने क्लच घसरतो. पहिलं तेल थोडाच वेळ चालवून परत बदला, आतला गाळ त्याबरोबर निघतो. उजवं कव्हर कधी उघडाल तेव्हा आत तेलाची जाळी आणि फिरणारा गोल फिल्टर आहे, त्यात वर्षानुवर्षांचा काळा चिखल घट्ट बसलेला असतो, तो साफ केल्याशिवाय लांबच्या रस्त्याला जाऊ नका.

तेल घातल्यावर प्लग न लावता भरपूर किका मारा. हेडवरची टॅपेटची झाकणं उघडून टॉर्चने बघा, आत रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) तेल पोचून ओलं दिसलं पाहिजे. कोरडं असेल तर चालू करू नका, तेल वर का येत नाही ते आधी शोधा.

मग स्वच्छ बाटलीत थोडं ताजं पेट्रोल, बाटली हँडलला बांधून वरून पेट्रोलची नळी थेट कार्ब्युरेटरला. चोक ओढा, बाजूला बादलीभर वाळू ठेवा, आणि किक. पेट घेतला की लगेच रेस करू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं, त्यामुळे नळी, कॉकचं वायसर, फ्लोटच्या वाटीचं पॅकिंग नवीन घाला. पुढे गाडी पंधरा दिवसांच्या वर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करायची सवय लावून घ्या.

ऐरोलीकर

चालू झाली. पहिल्या काही किकांना नुसतं फुस्स, मग मागून धडाम करून एक बार आला, आणि नंतर लागली. आयडलिंगला सीडी १०० चा तो बारीक सलग आवाज येतोय. व्हिडिओ कॉलवर काकूला ऐकवला, ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली आधी ब्रेक बघून घे. सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर खूप आला, रिंग गेली का? आणि गियर टाकल्यावर क्लच दाबलेला असून पण गाडी पुढे ओढते.

कोपरी_जुनंलोखंड

मनापासून अभिनंदन. धुराचं आत्ता टेन्शन घेऊ नका, तुम्ही सिलेंडरमध्ये ओतलेलं तेल सायलेन्सरमध्ये जाऊन बसलंय ते जळतंय. इंजिन चांगलं गरम होऊन अर्धा-पाऊण तास चालल्यावर परत बघा. त्यानंतर पण ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर येत असेल तर रिंगा. नुसता सकाळी चालू करताना एकदा येऊन बंद होत असेल तर व्हॉल्व्ह सील, ते छोटं काम आहे.

क्लचच्या प्लेटा वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटल्यात. मागचं चाक अधांतरी ठेवून गाडी चालू करा, गरम करा, गियर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि मागचा ब्रेक मारा, असं करत रहा. बहुतेक सुटतात. त्याआधी क्लच केबलचा खेळ बघा.

आणि काकू अगदी बरोबर बोलल्या. दोन्ही चाकं काढा, ब्रेक शू बाहेर घ्या. जाडी दिसायला चांगली असते पण एवढी वर्षं ओल खाल्लेल्या शूचं लायनिंग पत्र्यावरून पूर्ण सुटून येतं आणि ड्रममध्ये अडकून चाक जागच्या जागी बसतं. अंगठ्याने दाबून, कडेला ब्लेड घालून बघत बसू नका, सरळ नवीन घाला, स्वस्त आहेत. ड्रम आतून घासा, ब्रेकचा कॅम ग्रीस करा, पुढची केबल नवीन. टायर-ट्यूब पण नवीन, घेताना कडेवर चार आकडे असतात ते वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, दुकानदार जुना माल काढतो कधीकधी.

वाशी_आरसीबुक

खूप छान वाटलं वाचून. आता घाई करून गाडी रस्त्यावर काढू नका हं दादा. रजिस्ट्रेशन संपलेलं, विमा नाही, पीयूसी नाही, अशा गाडीने विटाव्याच्या रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर सगळं तुमच्या अंगावर. फॉर्म ३१ आधी टाका, त्यासोबत विम्याचा कागदही लागतो, मग रिन्यूअलची अपॉइंटमेंट. दाखवायला नेताना टेम्पोतूनच न्या. इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकलाइट, आरसे, मागचा रिफ्लेक्टर, सगळं चालू पाहिजे, बॅटरी त्यासाठी तरी नवीन लागेल. चेसिस नंबरवरचं ग्रीस आदल्या दिवशी पुसून ठेवा आणि एक पेन्सिल बरोबर न्या.